अमिगा ५०० चा अ‍ॅक्सिलरेटर: १४ मेगाहर्ट्झवर क्लॉक स्थिर करताना

८ जून २०२४, शनिवार

अमिगा ५०० हा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक; त्याचा प्रोसेसर दुप्पट वेगाने चालवणारा बोर्ड, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, मी बनवलाय. हा बोर्ड ७ मेगाहर्ट्झवर दिवसभर निर्धोक चालतो. १४ वर टाकला की काही मिनिटांत काळ्या पडद्यावर लाल चौकट आणि गुरू मेडिटेशन, म्हणजे यंत्र कोसळल्याचा अमिगाचा संदेश. रॅम, ऑटोकॉन्फिग (जोडलेला बोर्ड आपोआप ओळखण्याची सोय), फ्लॉपी हे सगळं ७ वर तपासून झालंय. उरलाय तो हा एकच प्रश्न, म्हणून त्याच्या नोंदी वेगळ्या ठेवतो.

यंत्र असं आहे: पाल टीव्ही पद्धतीचा अमिगा ५००, मदरबोर्ड रिव्हिजन ६ए, अ‍ॅग्नस ८३७२ए (मेमरी आणि क्लॉक सांभाळणारी चिप), किकस्टार्ट १.३ (रॉममधली मूळ प्रणाली). मूळ ६८००० प्रोसेसर काढून त्याच्या सॉकेटमध्ये माझा बोर्ड बसतो. बोर्डवर १६ मेगाहर्ट्झचा, ६४ पिनांचा ६८एचसी०००, सगळं लॉजिक सांभाळणारा एक एक्ससी९५७२एक्सएल (सीपीएलडी, म्हणजे हवं ते लॉजिक भरता येणारी चिप) आणि ५१२ केबीच्या दोन एसरॅम, म्हणजे १ एमबी फास्ट रॅम, फक्त प्रोसेसरसाठीची. ही रॅम असल्याशिवाय या खटाटोपाला अर्थ नाही. चिप रॅमची, म्हणजे मदरबोर्डवरच्या सामायिक मेमरीची, बस अ‍ॅग्नसच्या ठेक्यावर चालते, तिथे प्रोसेसर कितीही चपळ असला तरी त्याला थांबावंच लागतं. प्रोग्रॅम फास्ट रॅममध्ये असेल तेव्हाच दुप्पट क्लॉकचा खरा फायदा दिसतो.

क्लॉक, म्हणजे प्रोसेसरला ठेका देणारा सिग्नल, कुठून येतो ते आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मदरबोर्डवरचा मुख्य ऑसिलेटर २८.३७५१६ मेगाहर्ट्झचा. हा आकडा टीव्हीवरून आलाय: पालचा कलर सबकॅरियर ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झ, त्याची ६.४ पट. अ‍ॅग्नस त्याला चारने भागून ७.०९३७९ मेगाहर्ट्झ बनवतो आणि तोच प्रोसेसरला मिळतो. त्याला मी नोंदींत ७एम म्हणेन. अ‍ॅग्नस आणखी एक क्लॉक बाहेर काढतो, सीडीएसी. वेग तोच, पण पाव सायकल मागे, म्हणजे साधारण ३५ नॅनोसेकंद उशिराने. ७एम आणि सीडीएसी यांचा एक्सऑर केला (दोन्ही वेगळे असतील तेव्हाच 'एक') की दुप्पट क्लॉक मिळतो, १४.१८७५८ मेगाहर्ट्झ. अमिगावर १४ मेगाहर्ट्झ मिळवायचा हा जुना, सर्वांना ठाऊक असलेला मार्ग आणि माझा बोर्डही तसाच बांधलाय. बोर्डवर वेगळा ऑसिलेटर लावता आला असता, पण मग मदरबोर्डशी होणारा प्रत्येक व्यवहार दोन अनोळखी क्लॉकमधून न्यावा लागतो आणि जुळवून घेण्यातच वेळ जातो. एकाच मुळातून आलेला क्लॉक हवा, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं आणि अजूनही तसंच वाटतं.

९ जून, रविवार

आधी फ्रिक्वेन्सी काउंटर लावला. १४.१८७, शेवटचा आकडासुद्धा हलत नाही. पाऊण तास लावून ठेवला, तेवढ्यात दोनदा गुरू आला, काउंटर जागचा हलला नाही. म्हणजे वेग स्थिर आहे. मग प्रोसेसर कशाने बिघडतोय?

गुरूचे आकडे दर वेळी वेगळे: कधी ८००००००४ म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शन, कधी ८००००००३ म्हणजे अ‍ॅड्रेस एरर, एकदा ८०००००० नंतर बी, म्हणजे एफने सुरू होणारा ऑपकोड. रॅमचा एखादा बिट खराब असता तर बिघाड एका जागी घुटमळला असता. इथे कुठेही, कसंही पडतंय.

दोन छोट्या चाचण्या लिहिल्या. पहिली किकस्टार्टच्या २५६ केबी रॉमची बेरीज पुन्हा पुन्हा करते. रॉममधलं काही बदलत नाही, त्यामुळे बेरीज चुकली तर चूक वाचण्यातली. दुसरी चाचणी पूर्ण फास्ट रॅममध्ये राहते, इंटरप्ट बंद करून नुसती आकडेमोड करते, मदरबोर्डकडे फिरकतही नाही. दोन्ही पडल्या. दुसरी पडली ही मोठी बातमी. मदरबोर्डच्या बसशी जुळवून घेणारं माझं लॉजिक, एएस (पत्ता तयार असल्याचा) सिग्नल थोपवून ठेवणं, गॅरी या मदरबोर्डवरच्या चिपकडून येणाऱ्या डीटॅकची (व्यवहार पुरा होत असल्याच्या खुणेची) वाट बघणं, यातलं काही त्या चाचणीत वापरलंच जात नाही. एसरॅम ५५ नॅनोसेकंदांची आणि १४ मेगाहर्ट्झवर चार क्लॉकची बस सायकल २८२ नॅनोसेकंदांची, तिथेही ऐसपैस जागा आहे. संशय आता थेट प्रोसेसरच्या पिनांवर: पॉवर किंवा क्लॉक.

१५ जून, शनिवार

आज पॉवर. पॉवर सप्लायच्या प्लगजवळ ५.०४ व्होल्ट. प्रोसेसरच्या १४ आणि १६ नंबरच्या पिनांमध्ये ४.७८. पाव व्होल्ट वाटेत कुठेतरी जातोय, आणि ४.७५ च्या खाली या प्रोसेसरची हमी संपते.

वाट शोधायची सोपी रीत: मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा आणि यंत्र चालू असताना एकेका जोडाच्या दोन टोकांना टोकं टेकवायची. जिथे आकडा दिसेल तिथे व्होल्टेज खर्च होतोय. ट्रॅकवर दहा-वीस मिलिव्होल्ट, ते चालायचं. मदरबोर्डवरच्या जुन्या सॉकेटमध्ये मात्र पाच व्होल्टच्या पिनेवर १२० आणि ग्राउंडच्या पिनेवर ९०. भिंगाखाली पाहिलं तर त्या सॉकेटच्या पट्ट्या फाकलेल्या. आधीच्या मालकाने कधीतरी चौकोनी पिनांचं काही बसवलं असावं. प्रोसेसरचे पाय पातळ, चपटे असतात, त्यांच्यासाठी केलेली पट्टी चौकोनी पिनेने एकदा फाकली की परत जवळ येत नाही.

सॉकेट काढलं. चौसष्ट भोकं, आणि ग्राउंडच्या पिना सोल्डर सोडायला तयार नसतात, उष्णता सगळी तांब्यात पळते. तिथे आधी ताजं सोल्डर भरलं, मग पंपाने ओढलं. ट्रॅक एकही उचलला नाही. नवीन सॉकेट गोल, मशीन्ड पिनांचं. बोर्डच्या खालच्या पिनाही तशाच गोल. शिवाय प्रोसेसरच्या दोन्ही पॉवर जोड्यांवर १०० नॅनोफॅरॅडचे सिरॅमिक कपॅसिटर अगदी पायांशी लावले.

आता प्रोसेसरवर ४.९७. गुरू येतोच, पण उशिरा. हे काम व्हायलाच हवं होतं; मूळ दुखणं मात्र दुसरं आहे.

१९ जून, बुधवार, रात्री

स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) प्रोब क्लॉकच्या पिनेवर धरला आणि यंत्र सुधारलं. प्रोब धरून ठेवला तोवर दोन्ही चाचण्या सुरळीत. काढला, तीन मिनिटांत गुरू. पुन्हा धरला, पुन्हा सुरळीत.

हार्डवेअरची कामं केलेल्या कुणालाही हा अनुभव असतो आणि याची चिडही येते, पण प्रत्यक्षात ही फार कामाची खूण आहे. दहापट प्रोबची टोकाला दहा-बारा पिकोफॅरॅड कपॅसिटन्स असते. तेवढ्याने बिघाड जातो म्हणजे दोष त्याच ट्रॅकवर आणि वेगवान एजमध्ये (सिग्नलच्या चढण्या-उतरण्यात) आहे. अडचण अशी की प्रोब लावल्यावर जे दिसतं ते सुधारलेलं रूप. बिघडलेलं पाहायचं तर प्रोब नको.

त्यावर उपाय हाताने केला. पन्नास ओहमची बारीक को-अ‍ॅक्स केबल, तिच्या टोकाला १ किलोओहमचा छोटा रेझिस्टर, स्कोपच्या बाजूला ५० ओहमचं टर्मिनेशन. सिग्नल एकवीस पट लहान होतो, पण टोकाची कपॅसिटन्स जवळपास नाहीशी. केबलचं आवरण सोळा नंबरच्या पिनेशी सोल्डर केलं. ६८००० ची मांडणी इथे सोयीची: क्लॉक १५ नंबरवर आणि ग्राउंड शेजारच्याच १६ वर, त्यामुळे ग्राउंडची तार चार-पाच मिलिमीटरपेक्षा लांब करावी लागत नाही. मगरचिमट्याची नेहमीची लांब तार लावली असती तर तिचंच रिंगिंग (एजनंतरची थरथर) दिसलं असतं.

पाहिलं ते असं. चढताना क्लॉक ३.३ व्होल्टवर थांबायचा तो ४.६ पर्यंत उडतो. ते फारसं बिघडवत नाही. पडताना शून्याच्या खाली जाऊन परत उसळतो, १.३ व्होल्टपर्यंत, आणि मग शांत होतो. प्रोसेसर ०.८ च्या खालीच 'शून्य' मानायला बांधील आहे. म्हणजे प्रत्येक उतरत्या एजनंतर काही क्षण तो सिग्नल ना इकडचा ना तिकडचा. साधा प्रोब लावला की ही उसळी ०.७ वर राहते.

२२ जून, शनिवार

क्लॉकच्या ट्रॅकवर सीपीएलडीच्या पिनेला लागूनच ट्रॅक कापला आणि मध्ये रेझिस्टर टाकला. रेझिस्टर उगमाशीच हवा. प्रोसेसरच्या बाजूला लावून उपयोग नाही. तिकडून परतलेली लाट जिथे शोषली जायला हवी तिथे तो बसला पाहिजे. २२ ओहमला उसळी अर्धी झाली. ४७ ला पूर्ण गेली, पण एज सुस्त झाली, आणि या प्रोसेसरला क्लॉकची चढती-उतरती एज ५ नॅनोसेकंदांच्या आत लागते. ३३ वर उसळी ०.३ व्होल्ट आणि एज सव्वातीन-साडेतीनच्या आसपास; माझा स्कोप १०० मेगाहर्ट्झचा आहे, त्यामुळे त्यातली बरीचशी सुस्ती स्कोपचीच. ३३ कायम.

रात्रभर चाचणी लावली. सकाळी पाहतो तर चालू.

२३ जून, रविवार

दुपारी एकच्या सुमारास पडली. पुन्हा लावली, वीस मिनिटांत पडली. रात्री परत लावली तर तासन्‌तास बिनतक्रार.

पाऊस सुरू झालाय पण दुपारी खोली अजून तापते. उष्णतेशी संबंध आहे, हे आता उघड आहे.

२६ जून, बुधवार, रात्री

केस वाळवायचा ड्रायर, पुठ्ठ्याची नळी आणि चिपच्या पाठीवर चिकटवलेली थर्मोकपल. नळीमुळे हवा एकाच चिपवर पडते. आधी प्रोसेसर तापवला, ६० अंशांपर्यंत. काही नाही. सीपीएलडी तापवला. काही नाही. एसरॅम, काही नाही. माझ्या बोर्डवरचं सगळं तापवून झालं आणि चाचणी चालूच.

मग मदरबोर्डकडे वळलो. गॅरीवर काही नाही. अ‍ॅग्नसवर नळी धरली आणि ५० अंश ओलांडताच पडली. थंड होऊ दिला, परत तापवला, परत ५० च्या थोडं वर. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फाया ठेवून थंड केला, लगेच सावरली.

ही चाचणी अ‍ॅग्नसकडे फिरकतही नाही असं ९ तारखेला लिहिलं होतं, आणि ते डेटापुरतं खरंच आहे. अ‍ॅग्नसकडून तिला मिळतो तो फक्त क्लॉक. ७ मेगाहर्ट्झवर हेच अ‍ॅग्नस कितीही तापवलं तरी यंत्र ढिम्म हलत नाही.

२९ जून, शनिवार

आज उत्तर सापडलं. स्कोपचा ट्रिगर (रेषा कुठून सुरू करायची ती खूण) क्लॉकवर न ठेवता ७एमवर ठेवला. आधी क्लॉकवरच ट्रिगर होता, त्यामुळे लागोपाठच्या पल्स एकमेकींवर चढून थोडी जाड रेष दिसायची, बस्स. ७एमवर ट्रिगर करून पर्सिस्टन्स (जुन्या रेषा पडद्यावर टिकवून ठेवणं) लावल्यावर त्याच पल्स वेगळ्या झाल्या आणि प्रत्येकीची रुंदी निरनिराळी दिसली.

७एमच्या एका सायकलीत, म्हणजे १४१ नॅनोसेकंदांत, १४ मेगाहर्ट्झचे दोन उंच आणि दोन खालचे भाग येतात. आदर्श स्थितीत चारही ३५ चे. माझ्याकडे क्रमाने उंच ४१, खाली ३०, उंच ३३, खाली ३७. बेरीज १४१, म्हणून काउंटर खूश. क्लॉक लंगडत चालतोय: एक पाऊल लांब, एक आखूड, पण कोस मोजले तर बरोबर भरतात.

कारण एक्सऑरच्या स्वभावात आहे. त्याचा उंच भाग ७एम चढल्यावर सुरू होतो आणि सीडीएसी चढल्यावर संपतो. मग सीडीएसी चढल्यापासून ७एम उतरेपर्यंत खालचा भाग. सीडीएसीची चढती एज उशिरा आली की पहिला उंच भाग लांबतो आणि त्याच्या पाठचा खालचा भाग तेवढाच आखूड होतो. आणि सीडीएसी चढायला खरोखरच आळशी आहे. अ‍ॅग्नस एनएमॉस या जुन्या तंत्राने घडवलेला; असल्या चिपचं आउटपुट खाली खेचायला जोरकस आणि वर ढकलायला दुबळं असतं. सीडीएसीवर डेनिस या चित्र काढणाऱ्या चिपचं ओझं, वर माझा बोर्ड. स्कोपवर त्याची उतरती एज कड्यासारखी आणि चढती एज गोलाकार दिसते. सीपीएलडी ज्या पातळीला 'एक' मानतो तिथे पोचायला तिला सहा नॅनोसेकंद जास्त लागतात.

अ‍ॅग्नस ५२ अंशांवर नेऊन पुन्हा मोजलं: ४४, २७, ३४, ३६. या १६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला क्लॉक उंच किंवा खाली किमान २७ नॅनोसेकंद राहायला हवा, असं डेटाशीट सांगतं. सरासरीच २७ म्हटल्यावर इकडे-तिकडे होणाऱ्या अर्ध्या-पाऊण नॅनोसेकंदात हद्द ओलांडली जाणारच.

आता सगळं जुळलं. पॉवर कमी असताना प्रोसेसर आणखी हळवा होता, रिंगिंग त्या आखूड भागातलेच आणखी काही नॅनोसेकंद खात होतं. तीन दोष एकाच चार-पाच नॅनोसेकंदांवर टपून होते.

३० जून, रविवार

पुढे काय करायचं याचा विचार.

सीडीएसीला सीपीएलडीमध्ये शिरण्याआधी वेगाने चढवणं, म्हणजे पुल-अप (रेषा वर ओढणारा) रेझिस्टर लावणं. कागदावर सोपं. तापमानाबरोबर बदलणाऱ्या दोषाला ठरावीक डोस देणं मला पटत नाही. दुसऱ्या यंत्रातल्या दुसऱ्या अ‍ॅग्नसला तो आकडा लागू पडणार नाही.

पीएलएल (एका क्लॉकला बांधून दुसरा बनवणारी चिप) लावून ७एमवरून १४ बनवणं. चांगला मार्ग, पण आणखी एक चिप, तिची वेगळी पॉवर गाळणी आणि जागा नाही.

तिसरा मार्ग मुळाशी जायचा: २८.३७५१६ मेगाहर्ट्झच घ्यायचा आणि फ्लिपफ्लॉपने (एक बिट धरून ठेवणाऱ्या लॉजिकने) दोनने भागायचा. फ्लिपफ्लॉप एकाच एजकडे बघतो, त्यामुळे मूळ क्लॉकची ड्यूटी सायकल (उंच आणि खालच्या भागांचं प्रमाण) वाकडी असली तरी भागलेला क्लॉक निम्मा-निम्मा निघतो. अ‍ॅग्नसचं तापमान क्लॉकच्या वाटेतूनच निघून जातं. किंमत म्हणून मदरबोर्डवर एक तार सोल्डर करावी लागेल. सॉकेटमध्ये खोचला की झालं, हा बोर्डचा गुण जाईल. मला तो गुण आवडत होता. पण आठ-दहा वर्षं चालायचा बोर्ड तापला की पडतो हे चालणार नाही. तिसरा मार्ग ठरला.

३ जुलै, बुधवार

रविवार-सोमवार पालख्या पुण्यात होत्या, पेठांत जायची सोय नव्हती. आज कामावरून परस्पर तपकीर गल्ली गाठली. को-अ‍ॅक्स आणि रेझिस्टर मिळाले, २८ मेगाहर्ट्झची रेषा उचलायला हवा असलेला ७४एएचसीटी१जी१२५ हा एकाच गेटचा बफर मात्र दोन-तीन दुकानांत नाही. चौथ्या दुकानातले काका चिठ्ठी वाचून म्हणाले, "एवढुसा पार्ट काउंटरवर कोण मागतं हो? एचसी एकशेपंचवीस घ्या ना, त्यात चार गेट आहेत."

मी म्हटलं, "काका, चार नकोत, एकच हवं. तारेच्या टोकाला चिकटवायचंय. आणि सीटीच पाहिजे, जुन्या टीटीएलचा सिग्नल आहे."

"टीटीएलचा आहे का? मग बरोबर, एचसीने नाही भागायचं." त्यांनी मागच्या कपाटातून एका बंद पडलेल्या युनिटच्या स्पेअर पार्टांची डबी काढली. पाच पायांचे ते तिळाएवढे बफर पट्टीत होते. पट्टीच कापून दिली.

सीटीचा आग्रह यासाठी की एएचसीटी १.५ व्होल्टच्या आसपास निर्णय घेतो. साधा एचसी अडीच व्होल्टवर. टीटीएल (जुन्या पद्धतीच्या लॉजिक चिपांचा) सिग्नल साडेतीन व्होल्टच्या पुढे फारसा जात नाही, त्यामुळे अडीचवर कापला तर ड्यूटी सायकल वाकडी होते आणि कडक उन्हाळ्यात भरवसा राहत नाही.

६ जुलै, शनिवार

२८ मेगाहर्ट्झची रेषा ऑसिलेटरकडून अ‍ॅग्नसकडे जाते. ती कुठे उचलायची ते स्कीमॅटिकवरून नक्की केलं. उचलण्याआधी एक गोष्ट मुद्दाम तपासली: दहा सेंटिमीटरची साधी तार नुसती टेकवली तर पडद्यावर काय होतं? अक्षरांच्या उभ्या कडा थरथरल्या आणि निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके चमकले. संपूर्ण यंत्राचं चित्र या एका सिग्नलवर उभं असतं, त्याच्यावर तारेचं ओझं टाकून चालत नाही. म्हणून बफर तिथेच, अ‍ॅग्नसच्या सॉकेटशेजारी हवा.

बफर पाठीवर उलटा चिकटवला. इनपुटला एनॅमलची तार, लांबी सहा मिलिमीटर. पाच व्होल्ट आणि ग्राउंड शेजारच्याच कपॅसिटरच्या पायांवरून, आणि त्या दोघांत स्वतंत्र १०० नॅनोफॅरॅड. आउटपुटला ४७ ओहम, तिथून बारीक को-अ‍ॅक्स माझ्या बोर्डपर्यंत, आवरण दोन्ही टोकांना ग्राउंड. सीपीएलडीचा कोअर ३.३ व्होल्टचा असला तरी त्याची इनपुट पाच व्होल्ट सोसतात, म्हणून मध्ये आणखी काही लागत नाही.

यंत्र चालू केलं. चित्र काचेसारखं स्वच्छ. थरथर नाही, ठिपके नाहीत. सीपीएलडीच्या पिनेवर २८.३७५ चा सुरेख क्लॉक.

७ जुलै, रविवार

दोनने भागणाऱ्या फ्लिपफ्लॉपची एक जुनी खोड आहे: यंत्र चालू होताना तो शून्यावर जागा होईल की एकवर, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणजे १४ मेगाहर्ट्झ ७एमशी दोनपैकी कोणत्या फेजमध्ये धरला जाईल हे दर वेळी नशिबावर. एका फेजमध्ये मदरबोर्डशी व्यवहार जमतो, दुसऱ्यात नाही. त्याला ७एमशी बांधून टाकायला हवं.

रीत अशी. २८ च्या प्रत्येक ठोक्याला ७एमचा नमुना घ्यायचा. मागचा नमुना शून्य आणि आत्ताचा एक असेल, म्हणजे ७एम नुकताच चढला असेल, तर फ्लिपफ्लॉप एका ठरलेल्या स्थितीत ठेवायचा. एरवी नुसता उलटवायचा. ७एमची सायकल २८ च्या चार ठोक्यांची असल्याने एकदा जुळलं की हा हस्तक्षेप आणि नुसतं उलटणं एकच होतं. कधी फेज सुटलीच तर पुढच्याच ७एमला आपोआप परत जुळते.

नमुना कोणत्या एजवर घ्यायचा ते मोजून ठरवलं. सीपीएलडीच्या पिनांवर ७एमची एज २८ च्या चढत्या एजनंतर ३१ नॅनोसेकंदांनी येते. २८ ची सायकल ३५ ची, म्हणजे पुढच्या चढत्या एजच्या अवघे ४ आधी. तिथे नमुना घेतला असता तर बदलणारा सिग्नल ऐन बदलताना पकडला असता आणि अ‍ॅग्नस तापून ७एम थोडा सरकला की नमुना एका ठोक्याने मागे-पुढे. उतरत्या एजवर घेतला तर मागे १३ आणि पुढे २२ नॅनोसेकंद मोकळे. म्हणून उतरती एज. अ‍ॅग्नसची उष्णता इथे अजूनही आत येते, पण फक्त फेज ठरवण्यापुरती, पल्सच्या रुंदीत नाही, आणि तिला पोटात घ्यायला पुरेशी जागा आहे.

शेवटचा निर्णय: ७एम चढलेला दिसल्यावर फ्लिपफ्लॉपमध्ये एक लिहायचा की शून्य? नमुना २२ नॅनोसेकंदांनी घेतला जातो, वर सीपीएलडीचे दहा. एक लिहिला तर १४ ची चढती एज ७एमच्या मागे ३२ नॅनोसेकंद रेंगाळते. शून्य लिहिला तर ती त्या आधी अर्ध्या सायकलीवर, म्हणजे ७एमच्या तीन नॅनोसेकंद पुढे, जवळजवळ बरोबर येते. शून्य. एएस थोपवणारं लॉजिक मग मुळीच बदलावं लागलं नाही.

नवीन लॉजिक भरलं, क्लॉकच्या पिनेवर हाताने केलेला प्रोब, ट्रिगर ७एमवर. चारही रुंदी ३५ च्या आसपास, आपसांतला फरक अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत. अ‍ॅग्नस ५५ अंशांवर नेला. रेषा जागची हलली नाही. खूप वेळ नुसता बघत बसलो.

१४ जुलै, रविवार

दोन उरलेल्या गोष्टी.

ई क्लॉक. ६८००० आपल्या क्लॉकचा दहावा भाग ई म्हणून बाहेर देतो आणि अमिगाच्या दोन्ही ८५२० सीआयए चिप (टायमर आणि पोर्ट सांभाळणाऱ्या) त्यावर चालतात. प्रोसेसर १४ वर गेला की त्याचा स्वतःचा ई दुप्पट होतो, मग टायमर, कीबोर्ड, फ्लॉपी सगळ्यांचंच गणित बिघडतं. म्हणून माझा सीपीएलडी ७एम मोजून वेगळा ई बनवतो, सहा क्लॉक खाली आणि चार वर, त्या चिपांशी बोलताना लागणारा व्हीएमए सिग्नलही तोच देतो. क्लॉकची वाट बदलल्याने त्याला धक्का लागला नाही ना, एवढंच पाहायचं होतं. ७०९.३८ किलोहर्ट्झ, ठीक.

वेगाचं बटण. ७ आणि १४ मध्ये चालू यंत्रावर बदल केला की कधीकधी पडायचं. दोन क्लॉकमधून एक निवडणारा गेट ऐन पल्सच्या मध्यात वळला तर पाच-सात नॅनोसेकंदांची चिपाटी बाहेर पडते, आणि २७ च्या खालची पल्स काय करते ते आता माहीत आहे. बटणाचा सिग्नल दोन फ्लिपफ्लॉपमधून घेतला, आणि प्रत्यक्ष बदल एएस उंच असताना व दोन्ही क्लॉक खाली असतानाच होईल असं बांधलं. आता बटण कितीही वेळा खालीवर केलं तरी रॉमची बेरीज चुकत नाही.

२० जुलै, शनिवार

आठवडाभर यंत्र रोज रात्री चाचणीवर होतं. रॉमची बेरीज, फास्ट रॅमची आकडेमोड, आणि चिप रॅममधून फास्ट रॅममध्ये उतरवून ताडून बघायची तिसरी चाचणी, तिन्ही आलटून पालटून. एकही चूक नाही. आज दुपारी झाकण लावून, अ‍ॅग्नसवर ड्रायर धरून ५८ अंशांपर्यंत नेलं, पॉवर सप्लाय ४.८ पर्यंत खाली आणला. चालू. ३३ ओहमला बायपास करून पाहिलं, ३८ अंशांवरच पडलं; परत जोडलं, चालू. क्लॉकची रुंदी सुधारली तरी रिंगिंगचा दोष स्वतंत्रपणे जिवंत आहे हे त्यावरून पक्कं झालं.

पुढच्या बोर्डसाठी आराखड्यात बदल: क्लॉकच्या ट्रॅकवर ३३ ओहमची जागा सीपीएलडीच्या पिनेला लागून. को-अ‍ॅक्ससाठी दोन पॅड, ग्राउंडचा मोठा. बफरसाठी नखाएवढा वेगळा पीसीबी, म्हणजे चिप पाठीवर उलटी चिकटवावी लागणार नाही. आणि क्लॉक, ७एम, २८ या तिघांसाठी चाचणीचे पॅड, प्रत्येकाच्या शेजारी दोन मिलिमीटरवर ग्राउंड.

नाशिकच्या मित्राला दुसरा बोर्ड हवाय. त्याच्याकडे मदरबोर्डची रिव्हिजन ५ आहे, अ‍ॅग्नस ८३७१. फोनवर तो म्हणाला, "अरे, तुझ्याकडे चालतोय ना, मग पाठवून दे, मी बसवतो." त्याला सांगितलं की आधी फक्त बफर आणि तार पाठवतो, २८ आणि ७एममधलं अंतर स्कोपवर मोजून मला आकडा कळव, यंत्र गार असताना एक आणि तासाभराने तापल्यावर एक. ३१ नॅनोसेकंद हा माझ्या अ‍ॅग्नसचा आकडा आहे. त्याचा १७ च्या आसपास आला तर त्याच्यासाठी नमुना चढत्या एजवर घ्यावा लागेल, आणि ते सीपीएलडीत एका ओळीचं काम आहे.